अमेरिकेतली मासेमारीची मोठी दुकानं कुठे गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, खोड तिथली, आणि आता मिनेसोटात राहतो. मराठी मंडळाच्या सहलींमध्ये चारदोन जणांच्या हातात रॉड दिला, तेव्हापासून फोन आणि निरोप येत असतात. निम्म्यांना मासे कुठे लागतात ते हवं असतं (ते मी सांगत नाही), उरलेले दुकानांबद्दल विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळी इथे एकत्र केली आहेत.

१. ‘मोठी दुकानं’ म्हणजे नेमकी कोणती? आम्ही नुकतेच आलोय, आम्हाला वॉलमार्टच माहीत.

हायवेलगत लाकडी ओंडक्यांच्या वाड्यासारखी इमारत, आत पेंढा भरलेली अस्वलं आणि सांबरं मांडलेला खोटा डोंगर, बाजूला जिवंत मासे सोडलेली काचेची टाकी आणि मग रॉड-रीलच्या न संपणाऱ्या रांगा, अशी ही दुकानं. कॅबेलाज, बास प्रो शॉप्स आणि गँडर माउंटन ही मुख्य नावं. स्पोर्ट्स ऑथॉरिटी आणि डिक्स स्पोर्टिंग गुड्स यांच्याकडे सगळेच खेळ, त्यात मासेमारीचा एक कोपरा.

गंमत म्हणजे यातली बहुतेक फार लहान सुरू झाली. डिक कॅबेला यांनी १९६१ मध्ये ४५ डॉलरच्या कृत्रिम माश्या, म्हणजे गळाला बांधायच्या ‘फ्लाय’, घाऊक घेतल्या आणि वायोमिंगमधल्या कॅस्परच्या वर्तमानपत्रात ‘एक डॉलरला बारा’ अशी जाहिरात दिली. उत्तर आलं एक. मग त्यांनी युक्ती बदलली. पाच फ्लाय फुकट, टपाल-हाताळणीचे फक्त २५ सेंट. ऑर्डरी नेब्रास्कातल्या चॅपेल गावी स्वयंपाकघराच्या टेबलावर बांधल्या जायच्या. बास प्रो १९७२ मध्ये सुरू झालं ते मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला, जॉनी मॉरिस यांच्या वडिलांच्या दारूच्या दुकानात मागच्या बाजूच्या एका कोपऱ्यात. आणि डिक्सचा जन्म १९४८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा. आजीने बरणीत साठवलेले तीनशे डॉलर घेऊन नातवाने उघडलेलं गळ-आमिषाचं दुकान.

२. कॅबेलाज तर आमच्या एक्झिटवर दिमाखात उभं आहे. मग ‘गेलं’ का म्हणता?

पाटी तीच आहे, मालक बदलला. कॅबेलाज २००४ मध्ये शेअर बाजारात आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये एलियट मॅनेजमेंट या गुंतवणूक फंडाने तिचे सुमारे ११ टक्के शेअर घेतले आणि कंपनी विकायला काढा म्हणून दबाव आणला. वर्षभरात बास प्रोने साडेपाच अब्ज डॉलरची बोली जाहीर केली. एप्रिल २०१७ मध्ये ती पाच अब्जांच्या आसपास खाली आली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये व्यवहार झाला. कंपनी तोट्यात नव्हती, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

शिवाय तिच्या नफ्याचा मोठा वाटा क्रेडिट कार्डातून यायचा. कॅबेलाजची स्वतःची बँक होती, आणि विक्रीत तो कार्डाचा धंदा कॅपिटल वनकडे गेला. म्हणजे रॉड हातात घेऊन काउंटरवर उभा असलेला माणूस दुकानाला मासेमार म्हणून जितका प्यारा होता, तितकाच कार्डधारक म्हणूनही. अमेरिकन दुकानदारीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

खरी झळ बसली मुख्यालयाच्या गावाला. नेब्रास्कातलं सिडनी हे सात हजारांच्या आतलं गाव, आणि कॅबेलाजकडे तिथे सुमारे दोन हजार नोकऱ्या. विक्रीनंतर त्यातल्या बहुतेक गेल्या. इचलकरंजीतून माग उचलून नेले तर काय होईल, तसं. वायोमिंगकडे गाडीने जाताना आंतरराज्य महामार्ग ८० वर सिडनी लागतं. दुकान अजून आहे, थांबून बघा.

३. पण मुळात लोक मासे धरायचं सोडताहेत का? आजकालची मुलं फोनवरच असतात.

नाही. हा समज सगळ्यात चिवट आहे. २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात पाच कोटी ४७ लाख अमेरिकन लोकांनी वर्षातून निदान एकदा गळ टाकला, आणि २०२३ मध्ये तो आकडा पाच कोटी ७७ लाखांवर गेला. आमच्याकडे मेच्या मध्याला वॉलाय माशाचा हंगाम उघडतो, त्या शनिवारी पहाटे नाव पाण्यात उतरवायला रांग लागते. पुण्यात चतुर्थीला सारसबागेबाहेर लागते तशी.

एक मात्र खरं. वर्षातून एकदा पोरांना घेऊन जाणारा माणूस वीस डॉलरचा तयार संच वॉलमार्टमधून घेतो. त्याला अस्वलाचा डोंगर लागत नाही. मासेमार वाढले म्हणून मोठ्या दुकानाचं गिऱ्हाईक वाढलंच असं होत नाही.

४. म्हणजे सगळं ॲमेझॉनने खाल्लं. बरोबर ना?

अर्धं बरोबर. लुअर (कृत्रिम आमिष), हूक, लाइन या टपालाने मागवायला सोयीच्याच वस्तू आहेत, आणि कॅटलॉगवाल्यांचा जन्मच त्यातून झाला. टॅकल वेअरहाउससारखी निव्वळ ऑनलाइन दुकानं एकाच लुअरचे तीस रंग ठेवतात. भिंतीला टांगायच्या दुकानात ते कसं जमणार? शिवाय यूट्यूबवर मासे धरून दाखवणारे लोक आता स्वतःच्याच नावाचे लुअर विकतात.

करही होताच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निकालानुसार ज्या राज्यात दुकान-गोदाम नाही, तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घेणं विक्रेत्यावर बंधनकारक नव्हतं. म्हणजे कॅटलॉग कंपनीने नव्या राज्यात दुकान थाटलं की तिथल्या टपालाच्या ऑर्डरींवरही कर लागू, आणि ज्याचं कुठेच दुकान नाही तो मोकळा. सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली ती जून २०१८ मध्ये, वेफेअर खटल्यात. तोवर गँडर आणि स्पोर्ट्स ऑथॉरिटी दोन्ही संपली होती.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे कर्ज. स्पोर्ट्स ऑथॉरिटी २००६ मध्ये एका खासगी गुंतवणूक कंपनीने विकत घेतली ती उधारीच्या पैशांवर, आणि ती उधारी चढवली दुकानाच्याच डोक्यावर. मार्च २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कर्ज एक अब्ज डॉलरच्या वर होतं. साडेचारशेहून अधिक दुकानं त्या उन्हाळ्यात बंद झाली. कर्ज नसतं तर ऑनलाइनशी झुंजायला हातात चार पैसे राहिले असते. ॲमेझॉनने ढकललं हे खरं, पण हे आधीच कठड्यावर बसले होते.

५. गँडर माउंटनचं नेमकं काय झालं? आमच्या गावात त्या नावाची पाटी मी परवा परवापर्यंत बघितली आहे.

या नावाला मांजरासारखे जन्म आहेत. १९६० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या विल्मॉट गावी कॅटलॉग म्हणून सुरुवात. १९९६ मध्ये पहिलं दिवाळं, तेव्हा कॅटलॉगचा धंदा कॅबेलाजने घेतला आणि दुकानं मिनेसोटातल्या एका कंपनीने. मग सेंट पॉलहून भराभर विस्तार. १० मार्च २०१७ ला दुसरं दिवाळं निघालं तेव्हा २७ राज्यांत सुमारे १६० दुकानं होती.

दिवाळखोरीच्या लिलावात कॅम्पिंग वर्ल्डने नाव आणि काही जागांचे भाडेकरार घेतले. जुना माल मात्र सगळा विकून टाकला गेला. पुढे ‘गँडर आउटडोअर्स’ या नावाने काही दुकानं उघडली, आणि २०१९ पासून पाटीवर ‘गँडर आरव्ही’ आलं. तुम्ही पाटी बघितली ती बहुधा ह्या तिसऱ्या जन्मातली, जिथे आवारात फिरत्या घरांच्या गाड्या उभ्या असतात. माझं पहिलं बरं स्पिनिंग रील ज्या छपराखाली घेतलं, तिथेही आता तेच आहे. गळाचं पाकीट मागायला गेलो तर विक्रेत्याने मला तेहतीस फुटी गाडी दाखवली.

६. मासेमारीच्या दुकानाच्या दिवाळ्यात बंदुका कुठून आल्या?

एकाच छपराखाली शिकार आणि मासेमारी, ही इथली जुनी जोडी. बंदूक महाग, गळ स्वस्त, त्यामुळे गल्ल्यात बंदुकीचं वजन जास्त. गँडरने तर बंदुकांवर फारच भर दिला होता. ओबामांच्या काळात बंदी येईल या भीतीने लोक आगाऊ खरेदी करायचे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प निवडून आले, भीती संपली आणि विक्री घसरली. चार महिन्यांत गँडर न्यायालयात. नवी दुकानं भराभर उघडल्याचा बोजाही होताच, पण वेळ बघा.

आपल्या दृष्टीने गोष्ट अशी, की मासेमाराच्या हातात नसलेल्या कारणाने मासेमाराचं दुकान गेलं. डिक्सचं उदाहरण थोडं वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

७. डिक्स तर जोरात चाललंय. त्याला ऱ्हासात का धरता?

कंपनी जोरात आहे, तिचा मासेमारीचा कोपरा नाही. २०१३ मध्ये डिक्सने ‘फील्ड अँड स्ट्रीम’ नावाची खास शिकार-मासेमारीची दुकानं काढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर असॉल्ट रायफली विकणं थांबवलं, आणि पुढच्या वर्षी शंभरावर दुकानांतून शिकारीचा विभागच काढला. फील्ड अँड स्ट्रीम दुकानं हळूहळू मिटवली. काही स्पोर्ट्समन्स वेअरहाउस या शिकार-मासेमारीच्या दुसऱ्या साखळीने घेतली. २०२५ मध्ये डिक्सने फुट लॉकर विकत घेतलं. गळ-आमिषाचं दुकान आता मुख्यतः बूट विकतं.

८. मग आता सगळीकडे बास प्रोच? एकच दुकानदार उरला तर भाव वाढणार नाहीत?

मोठ्या दुकानांत जवळजवळ तसंच आहे. डिसेंबर २०२० मध्ये बास प्रोच्या मालक कंपनीने स्पोर्ट्समन्स वेअरहाउसही १८ डॉलर शेअरने घ्यायचं ठरवलं होतं. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, व्यापार आयोगाची मंजुरी मिळायची लक्षणं दिसेनात म्हणून बेत सोडला. भावाबद्दल म्हणाल तर रील आणि लुअरचे भाव ऑनलाइन बघूनच लोक येतात, त्यामुळे तिथे कोणी फार ताणू शकत नाही. निवड मात्र आकसते, कारण रॅकवर दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची गर्दी वाढते.

बास प्रो टिकलं कसं, हाही याचाच भाग. कंपनी खासगी आहे, शेअर बाजाराला दर तिमाहीला तोंड दाखवावं लागत नाही. १९७८ पासून ती नाव, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत विकते, आणि स्वतः नावा बनवते. टपालाने नाव येत नाही. आणि दुकान हेच सहलीचं ठिकाण केलंय. मेम्फिसमध्ये १९९१ साली बास्केटबॉलसाठी बांधलेला पिरॅमिड रिकामा पडला होता. २०१५ मध्ये तिथे बास प्रो आलं. आत दलदल, मगरी, हॉटेल, बोलिंग आणि शिखरापर्यंत जाणारी लिफ्ट. मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा चार डॉलरचे जिग (शिशाच्या डोक्याचे गळ) घेऊन परत आलोय, त्यामुळे हा हिशेब त्यांना कसा परवडतो देव जाणे.

९. ऑर्व्हिसही बंद होतंय असं ऐकलं. ते तर फार जुनं ना?

१८५६ चं, व्हरमाँटमधल्या मँचेस्टरचं. फ्लाय फिशिंगचं घराणंच म्हणा. पूर्ण बंद नाही. २०२४ मध्ये त्यांनी छापील कॅटलॉग थांबवला आणि कर्मचारी कमी केले. २०२५ मध्ये आयात शुल्काचं कारण देत ३१ दुकानं आणि पाच आउटलेट २०२६ च्या सुरुवातीपर्यंत बंद करायचं जाहीर केलं. कुत्र्यांची अंथरुणं आणि स्वेटर यांत जीव पसरला होता, तो आवरून पुन्हा फ्लाय रॉडकडे वळतोय, असा त्यांचा सूर आहे. मला तो पटतो.

१०. असं पूर्वी कधी झालंय का?

झालंय. ॲबरक्रॉम्बी अँड फिच हे १८९२ पासूनचं शिकार-मासेमारीचं खानदानी दुकान होतं. न्यूयॉर्कला मॅडिसन ॲव्हेन्यूवर बारा मजली इमारत, गच्चीवर फ्लाय टाकायला शिकवण्यासाठी पाण्याचं टाकं. १९७६ मध्ये दिवाळं, १९७७ मध्ये इमारतीला कुलूप. नाव दुसऱ्यांनी घेतलं, आणि आज त्याच नावाच्या दुकानात तुमची मुलं हुडी विकत घेतात.

११. दुकान बंद होतानाच्या सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतं का?

पहिल्या आठवड्यात नाही. असा सेल बहुधा मूळ दुकान चालवत नाही. माल खपवणारी वेगळी कंपनी येते. बऱ्याचदा आधी सगळं छापील किमतीवर नेतात आणि त्यावर दहा-वीस टक्के सूट देतात. ऑनलाइन भाव तेवढाच किंवा कमी असतो. फोन खिशात ठेवू नका. सूट पन्नासच्या पुढे गेली की जा, तोवर चांगली रीलं गेलेली असतात पण शिसं, हूक, स्विव्हल, जिग हेड भरपूर उरतात. ते कुजत नाहीत. नायलॉनची लाइन, आपली तंगूस, मात्र जुनी घेऊ नका; ऊन आणि वय दोन्हीने ती कमकुवत होते. सेलचा माल परत घेत नाहीत, म्हणून रीलचं हँडल दुकानातच फिरवून बघा.

१२. माझ्याकडे बंद पडलेल्या दुकानाचं गिफ्ट कार्ड आहे. काय करू?

दिवाळखोरी जाहीर झाल्याच्या दिवशीच जाऊन वापरायला हवं होतं. सुरुवातीचे काही आठवडे न्यायालयाच्या परवानगीने कार्ड चालतं, मग एक शेवटची तारीख लागते. त्यानंतर तुम्ही पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत, आणि तुमच्या पुढे बँका उभ्या असतात. माझे ७५ डॉलर असेच गेले. कुठल्या दुकानाचे ते सांगत नाही, चूक माझ्या आळसाची होती.

अपवाद: कॅबेलाजचं जुनं कार्ड बुडालेलं नाही. ते बास प्रोमध्येही चालतं, आणि बास प्रोचं कॅबेलाजमध्ये.

१३. आणि ‘आजन्म हमी’ असलेला रॉड? दुकान गेलं, माझा जन्म अजून चालू आहे.

हमी कोणाची ते बघा. शिमानो, दाइवा, पेन अशा कंपन्यांची हमी कंपनीच देते, दुकान गेलं तरी. पावती मात्र लागते, आणि सहसा पहिल्या खरेदीदारालाच. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची हमी दुकानाबरोबर जाते; लिलावात नाव घेणाऱ्याने जुनं ओझं घेतलेलंच असतं असं नाही. जिवंत दुकानंही हात आखडताहेत. एल. एल. बीनने फेब्रुवारी २०१८ मध्ये कधीही परत घेण्याची शंभर वर्षांची रीत मोडून एक वर्षाची मुदत घातली, कारण लोक उकिरड्यावरचे बूट आणून बदलून न्यायचे.

१४. दुकानं कमी झाली तर तळ्यांत मासे सोडायचे सरकारी पैसे आटणार का?

प्रश्न चांगला आहे. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानावर १० टक्के उत्पादन शुल्क आहे. रॉडवर जास्तीत जास्त दहा डॉलर, टॅकल बॉक्स (सामानाची पेटी) आणि नावेच्या इलेक्ट्रिक मोटरवर ३ टक्के. १९८४ मध्ये त्यात मोटरबोटींच्या इंधनावरच्या कराची भर पडली. राज्यांना वाटणी होते ती ६० टक्के परवानाधारकांच्या संख्येवर आणि ४० टक्के क्षेत्रफळावर. हा कर उत्पादक किंवा आयातदार भरतो, दुकान नव्हे. त्यामुळे दुकान बंद पडून पैसा आटत नाही. तुम्ही रॉड कुठूनही घ्या.

पेच येतो तो परदेशी संकेतस्थळावरून थेट घरी लुअर मागवल्यावर. तिथे आयातदार म्हणजे तुम्हीच, आणि तुम्ही शुल्क भरलंय का? म्हणून हा कर ऑनलाइन बाजारपेठांकडून वसूल करावा अशी इथल्या उद्योगाची मागणी आहे. २९ ऑगस्ट २०२५ पासून आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलांची सीमा शुल्काची सूटही गेली, तेव्हा तो दोन डॉलरचा लुअर आता तितकासा दोन डॉलरचा राहिलेला नाही.

१५. आई-बाबा भारतातून आलेत. पूर्वी मासेमारीचा परवाना गँडरच्या काउंटरवर मिळायचा, आता कुठे?

राज्याच्या संकेतस्थळावर, वॉलमार्टमध्ये किंवा बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या लहान दुकानात. पाहुण्यांसाठी अनिवासी परवाना लागतो, आणि बहुतेक राज्यांत तो एक-दोन दिवसांचाही मिळतो. बाबा नुसतं बघणार असतील तर नको. पण नुसतं बघणारे बाबा मी अजून पाहिलेले नाहीत, तेव्हा काढून ठेवा.

१६. मोठी पडली, मग तळ्याकाठची लहान बेट शॉप कशी टिकली?

सगळी टिकली नाहीत. टिकली ती जिवंत आमिषावर. मिनो (आमिषाचे छोटे मासे), जळवा, गांडुळं टपालाने मागवून पहाटे पाचला हातात पडत नाहीत. शिवाय काउंटरमागची बाई तुम्हाला काल संध्याकाळी किती फूट खोलीवर मासा लागला ते सांगते. मात्र आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं.

१७. भारतात असं मोठं दुकान येईल का?

डिकॅथलॉन २००९ पासून भारतात आहे आणि त्यांच्या केपरलान ब्रँडचे रॉड मिळतात. तीच कंपनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातली दोन्ही दुकानं २०२२ मध्ये बंद करून गेली, हा उलटा योग. कोकणात गरी (गळ), तंगूस आणि शिसं बाजारात दोरी-जाळ्याच्या दुकानात मिळतं, तेवढ्यावर जिताडा लागतो. मुंबईकरांनी पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे चौकशी करावी.

१८. घर घेतलं, तळघरात आधीच्या मालकाचे कॅबेलाजचे जुने कॅटलॉग निघाले. रद्दीत टाकू?

थांबा. आधी वर्ष बघा. साठच्या किंवा सत्तरच्या दशकातले असतील तर संग्राहक घेतात. नंतरचे असतील तर किंमत नाही, पण मला हवेत. टपालखर्च माझा.